पलटणीचा कारागीर : शिपाई की चाकर?

पात्र घेऊन खेळायचे खेळ आता आपल्याकडच्या मुलांना नवे राहिलेले नाहीत. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, एक जण गोष्ट पुढे नेतो आणि फाशांच्या दानावर लढाया, प्रवास, वेढे ठरत जातात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तेव्हा पात्रांचे वर्ग तीनच होते : लढवय्या, मांत्रिक आणि धर्मगुरू. कारागिराला तिथे जागा मिळायला बराच काळ जावा लागला. २००४ साली आलेल्या ‘एबेरॉन’ या काल्पनिक जगात ‘आर्टिफिसर’ नावाचा वर्ग आला आणि खेळाच्या पाचव्या आवृत्तीत तो २०१९ मध्ये रीतसर दाखल झाला. आता एखाद्या भटक्या लष्करी टोळीची गोष्ट खेळायची, तर तिच्यात ढाली सांधणारा, पूल बांधणारा, तुटलेलं चाक रातोरात बसवून देणारा माणूस हा पूर्ण हक्काचा गडी असतो. लुटीत त्याचा वाटा असतो, मसलतीत त्याचं मत विचारतात, आणि तो मेला तर इतर पात्रं त्याच्यासाठी थांबतात.

खेळाने जे इतक्या सहज देऊन टाकलं, ते खऱ्या पलटणींनी आपल्या कारागिराला दिलं होतं का? तो शिपाई मानला गेला की चाकर? या प्रश्नाचा आढावा घ्यायला बेळगाव-निपाणीचा सीमाभाग फार सोयीचा आहे. किल्ल्यांची शिबंदी, पटवर्धनांच्या मोहिमा, निपाणीकरांची फौज, कंपनीची छावणी, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र हे सगळं या शे-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात येऊन गेलं किंवा अजून आहे. आणि ज्यांच्या हातांवर ते चाललं, त्या हातांचे वारसही इथेच आहेत.

सुरुवात रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रापासून करायला हवी. १७१५-१६ च्या सुमारास, कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेला हा राजनीतीचा ग्रंथ. त्यातलं दुर्गांचं प्रकरण आपल्याकडे पुष्कळदा उद्धृत होतं, पण बहुधा तट, बुरूज आणि किल्लेदाराच्या इमानापुरतंच. त्याच प्रकरणात गडावर कोणती माणसं संग्रही ठेवावीत याची यादी आहे. तिच्यात वैद्य आहेत, जखमा बांधणारे आहेत, आणि त्यांच्याच रांगेत लोहार, सुतार, पाथरवट, चांभार आहेत. गडाचा आवाका पाहून प्रत्येकी एक-दोन असामी ठेवाव्यात, असं पंत सांगतात. पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. लहान गडावर या लोकांना रोज काम पडेलच असं नाही, हे त्यांना माहीत आहे. म्हणून ते बजावतात की कारागिरांची हत्यारं त्यांच्याजवळ सदैव तयार असावीत. काम पडेल तेव्हा ते काम करतील, एरवी त्यांच्याकडून दुसरी चाकरी घ्यावी, रिकामं ठेवू नये.

ज्याने वेढे जवळून पाहिले आहेत असाच माणूस हे लिहू शकतो. वेढा पडल्यावर दरवाजाची बिजागरी तुटली, तर खालच्या गावातून लोहार आणता येत नाही. पाण्याची पखाल फाटली तर चांभार गडावरच हवा. पण या तरतुदीत आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही दडलेलं आहे. गडावरचा कारागीर हा शिबंदीचा भाग आहे, मात्र शिपाई म्हणून नव्हे. काम नसेल तेव्हा त्याच्याकडून दुसरी चाकरी घ्यायची आहे. त्याच्या कसबाची किंमत ओळखलेली आहे, आणि त्याच वेळी त्याच्या मोकळ्या वेळावर राज्याचा हक्कही सांगितलेला आहे.

रोमन सैन्याने हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला होता. तिथे सैन्यातच सुतार, लोहार, गाडे बनवणारे असत. वेजिटियस हा लेखक त्यांची यादी देतो आणि त्यांच्यावर वेगळा अधिकारी असल्याचं सांगतो. कसबी सैनिकाला खंदक खणणं, लाकडं वाहणं अशा अंगमेहनतीच्या पाळ्यांतून सूट असे. म्हणजे तिथे आधी शिपाई आणि मग कारागीर. आपल्याकडे आधी कारागीर, आणि वेळ उरला तर इतर चाकरी. हा फरक पुढे तीनशे वर्षं आपली पाठ सोडत नाही. कारण आपल्याकडे कसब जातीला बांधलेलं होतं. लोहार, सुतार, चांभार ही गावगाड्यातली बलुती होती; गडावर गेली तरी बलुत्याची ओळख अंगावरून उतरली नाही.

गडावरून खाली उतरून फौजेच्या तळावर आलं, की कारागिरांची संख्या एकदम वाढते. अठरा कारखान्यांतले जिरातखाना, तोफखाना, दारूखाना, फरासखाना, पीलखाना हे सगळे खाती म्हणून दरबारात होते, पण मोहिमेत ते चाकांवर आणि बैलांच्या पाठीवर चालत. शिकलगार तलवारींना पाणी आणि धार देत, जीनगर खोगिरं शिवत, नालबंद घोड्या-बैलांचे नाल पाहत, पखाली पाणी पुरवत, बेलदार मोर्चे आणि सुरुंग खणत. निपाणी, मिरज, कोल्हापूर, बेळगाव या गावांतली मतदार यादी उघडली तर ही सगळी फौज आजही आडनावांच्या रूपाने हजर असलेली दिसेल. बखरींना ती इतकी स्पष्ट कधी दिसली नाही.

कारागिराची उणीव पडली की काय होतं, याचं या भागातलं मोठं उदाहरण धारवाडचं. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७९० च्या सप्टेंबरात टिपूच्या ताब्यातल्या धारवाडला वेढा घातला, सोबत कॅप्टन लिटलची कंपनीची तुकडी होती. किल्ला पडायला एप्रिल १७९१ उजाडला. त्या तुकडीतला लेफ्टनंट एडवर्ड मूर याने १७९४ मध्ये लंडनला या मोहिमेचं पुस्तक छापलं. तोफ एकदा ठासली की मोर्चातले लोक अर्धा तास गप्पा मारत, चिलीम ओढत बसत आणि मग ती डागत, दुपारी तर मारा बंदच असे, असं तो लिहितो. मूर हा परका आणि तोऱ्यातला निरीक्षक होता, त्याचा शब्द जसाच्या तसा उचलायचं कारण नाही. दारूगोळ्याचा तुटवडा असताना सावकाश मारा करणं हा शहाणपणाही असू शकतो. पण सहा-सात महिने एका भुईकोटासमोर अडकून पडणं ही काही शौर्याची उणीव नव्हती. भाऊंच्या फौजेत शूर माणसं रगड होती. कमी पडली ती दारू, आणि तोफा राबवणारं कसब.

कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली याने मात्र हे नेमकं ओळखलं होतं. जुलै १८०० मध्ये बंडखोर धोंडजी वाघाच्या फौजेला त्याने मलप्रभेच्या काठी, आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या मनोळीजवळ गाठलं. ऐन पावसाळ्यात इथल्या नद्या फौजेची काय दैना करतात हे तो तिथेच शिकला. १८०३ साली तो पेशव्याला गादीवर बसवायला पुण्याकडे निघाला, तेव्हा बापू गोखल्यांबरोबर निपाणीकर सरलष्कर आप्पा देसाई, म्हणजे सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर, हेही त्याच्या सोबतीला होते. त्या वर्षीच्या मोहिमेसाठी वेलस्लीने टोपलीसारख्या विणलेल्या आणि वरून कातडं मढवलेल्या गोल नावा तयार करवल्या. अशा नावा कृष्णा-तुंगभद्रेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या; कानडीत त्यांना हरिगोलू म्हणतात. वेलस्लीने त्यांचा आकार, विणीची मजबुती, कातड्याचे थर हे सगळं लेखी ठरवून दिलं. नाव विणणारा बुरूड आणि कातडं शिवणारा चांभार मात्र त्या कागदांत नावानिशी कुठे येत नाही. इंग्लंडच्या भावी पंतप्रधानाची फौज ज्यांच्या टाक्यांवर नदी पार झाली, त्यांच्याविषयी आपल्याला एवढंच म्हणता येतं की ते होते.

त्या काळचं एक काम अजून डोळ्यांनी पाहता येतं. गळिताचा हंगाम सुरू झाला की निपाणीचा हालसिद्धनाथ आणि संकेश्वरचा हिरण्यकेशी या साखर कारखान्यांकडे उसाच्या बैलगाड्या लागतात आणि रस्त्याच्या कडेला नाल मारणारे बसतात. बैलाला दोरखंडाने आडवं पाडतात, चारही पाय एकत्र बांधून काठीला अडकवतात. घोड्याचं खूर अखंड असतं, बैलाचं दुभंगलेलं. म्हणून एका पायाला दोन स्वतंत्र पत्र्या लागतात. आधी खुराचा तळ तासून सपाट करायचा, मग पत्री बसवून खिळा थोडा बाहेरच्या बाजूला झुकवून ठोकायचा. खिळ्याचं टोक खुराच्या कडेतून बाहेर यायला हवं. ते बाहेर आलं की छाटून, वळवून, कानशीने घासतात. खिळा किंचित आत झुकला तर तो जिवंत मांसात जातो आणि बैल लंगडतो. तोफ ओढणाऱ्या बैलांच्या जोड्या लंगड्या झाल्या की तोफ तिथेच राहते. नालबंदाच्या मनगटातला तो दोन अंशांचा कल म्हणजे फौजेचा वेग होता. डांबरी रस्त्यावर ऊस ओढणारा बैल आणि गारगोट्यांच्या वाटेवर तोफ ओढणारा बैल यांच्या पायांची गरज एकच आहे, म्हणून हे कसब टिकलं. ट्रॅक्टर वाढतील तसं तेही जाईल.

१८१८ च्या मार्च-एप्रिलमध्ये कंपनीच्या टॉमस मन्‍रोने बेळगावचा किल्ला वेढा घालून घेतला आणि पुढे इथे छावणी वसली. देशी फौजा मोडल्या, काही संस्थानांच्या आश्रयाने उरल्या. कोल्हापूर संस्थानातल्या गडकऱ्यांचं, म्हणजे पिढीजात शिबंदीचं, शेवटचं बंड १८४४ चं. त्यांच्या इनाम जमिनींच्या व्यवस्थेत हात घातल्यावर गडहिंग्लजजवळचा सामानगड आणि पलीकडचा भुदरगड पेटला. कंपनीच्या पलटणींनी बंड मोडलं आणि नंतर किल्ल्यांची तटबंदी पाडून टाकली. इतिहासाच्या पुस्तकांत हे गडकऱ्यांचं बंड म्हणून येतं, आणि ते बरोबरच आहे. पण गड मोकळा झाला की त्यावर आज्ञापत्राच्या काळापासून ठेवलेल्या त्या एक-दोन लोहारांचं, एक-दोन चांभारांचं ठिकाणही संपलं. शिपायाला निदान दुसऱ्या पलटणीत नाव घालता येत होतं. शिकलगाराने काय करायचं? तलवारीच उरल्या नाहीत तर धार कशाला लावायची?

याचं एक उत्तर मिरजेने दिलं, आणि त्याहून सुंदर उत्तर मला माहीत नाही. मिरजेत सतारी आणि तंबोरे बनवणारी घराणी ही मूळची शिकलगारांची. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे भाऊ मोहिद्दीन यांनी पटवर्धनांच्या आश्रयाने वाद्यांच्या दुरुस्तीला हात घातला आणि त्यातून पुढे वाद्यं घडवायला सुरुवात केली, असा त्या घराण्यांचा इतिहास सांगतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे, लाकडी दांडी, तारा, आणि त्या तारांखालची घोडी. सगळं कसब शेवटी त्या घोडीवर येऊन थांबतं. तिच्या पाठीला कानशीने केसाएवढा उतार द्यायचा असतो. तार त्या उतारावर नेमकी टेकली की सूर गुंजत, फुलत राहतो. त्याला जवारी म्हणतात. उतार जास्त झाला तर सूर कोरडा, कमी झाला तर चिरका. जवारी काढणारा कानस एकदा फिरवतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा फिरवतो. तलवारीच्या पात्यावरून हात फिरवून धारेतली खोट ओळखणाऱ्या घराण्याला घोडीवरची खोट ओळखता आली, यात नवल वाटायला नको. गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच मिरजेत राहिले. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पलटणीच्या कारागिराची कहाणी लिहिणाऱ्या कुणालाही मी सांगेन की सुरुवात मिरजेच्या सतारमेकर गल्लीपासून करा. फौज संपल्यावरही कारागीर उरतो, हे तिथे दिसतं.

कंपनीच्या आणि नंतर राणीच्या सैन्यात आपल्या प्रश्नाला सरकारी शिक्का बसला. तिथे दोन वर्ग होते : लढणारे आणि ‘फॉलोअर’. भिस्ती, मोची, धोबी, न्हावी, आचारी, भंगी, खेचरवाले हे फॉलोअर. पलटणीला चिकटलेले, पलटणीबरोबर समुद्रापार जाणारे, पण पगार, शिधा, निवृत्तिवेतन, पदक या सगळ्यांत खालच्या पायरीवर. इतिहासकार राधिका सिंघा यांनी ‘द कुलीज ग्रेट वॉर’ या २०२० च्या पुस्तकात या माणसांचा शोध घेतला आहे. पहिल्या महायुद्धात १९१९ अखेरपर्यंत हिंदुस्थानातून भरती झालेल्या सुमारे १४ लाख माणसांपैकी साडेपाच लाखांहून अधिक हे फॉलोअर किंवा बिनलढाऊ होते. दर पाचांमागे दोन. आपल्या गावागावांतल्या महायुद्धाच्या आठवणींत ते दोन कुठे आहेत?

कुत-अल-अमाराचा वेढा हा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, मेसोपोटेमियात टायग्रिसच्या एका वळणात सहावी पुणे डिव्हिजन अडकली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. १९२२ च्या फेररचनेत या पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि तिचं प्रशिक्षण केंद्र बेळगावला आलं. म्हणून कुतची आठवण ही बेळगावचीही आठवण आहे. वेढ्यात धान्य होतं तेव्हा ते दळायला जाती अपुरी पडली, आणि विमानातून जात्याचे दगड टाकावे लागले. बॉम्ब फेकायला उखळी तोफ नव्हती, तर विमानाच्या ग्नोम इंजिनाचं सिलिंडर काढून त्याची तोफ केली गेली. अडकलेल्या फौजेत कारागीर हाच सेनापतीइतका महत्त्वाचा होतो, याचे हे दोन पुरावे. शरणागतीनंतर तुर्कांच्या कैदेत गेलेल्यांत तीन हजारांहून अधिक बिनलढाऊ हिंदी माणसं होती. वाळवंटातल्या त्या चालीत उपासमार, अतिसार आणि मार यांनी शिपाई आणि फॉलोअर असा भेद केला नाही. तो भेद कागदांनी केला.

कागदांतला हा भेद जातीच्या आधारावर उभा होता, हे स्पष्टच बोललं पाहिजे. चामड्याचं काम करणाऱ्याला बंदूक द्यायची की नाही, हा प्रश्न त्याच्या नेमबाजीवरून ठरत नव्हता. म्हणून १ ऑक्टोबर १९४१ या तारखेला बेळगावच्या इतिहासात मोठी जागा आहे. महार रेजिमेंटची पहिली बटालियन त्या दिवशी बेळगावात उभी राहिली. त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आणि त्यांच्या आधीच्या पिढीतल्या निवृत्त महार सैनिकांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. तो लढा कारागिरांचा नव्हता, शिपाईपणाचा होता. पण कोणतं काम मानाचं आणि कोणतं हलकं, हे जन्मावरून ठरवणाऱ्या व्यवस्थेला छावणीतच तडा गेला, तर त्याचा फायदा मोच्यालाही व्हायचा होता.

आणि दोनच वर्षांत कारागिराला हुद्दा मिळाला. यंत्रांचं युद्ध आलं होतं. रणगाडा, मालट्रक, रेडिओ हे गावच्या लोहाराच्या आवाक्यातलं नव्हतं. ब्रिटिशांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये स्वतःच्या सैन्यात दुरुस्तीची वेगळी कोअर काढली, हिंदुस्थानात तिचं रूप १९४३ मध्ये उभं राहिलं. आज ती इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स, थोडक्यात ईएमई. ‘कर्म हि धर्म’ हे तिचं ब्रीद. पायदळात ज्याला शिपाई म्हणतात, सॅपर्समध्ये सॅपर, तोफखान्यात गनर, त्याच पायरीच्या जवानाला ईएमईत क्राफ्ट्समन म्हणतात. कारागीर हेच त्याच्या हुद्द्याचं नाव झालं. पलटणीच्या कोतमधल्या, म्हणजे शस्त्रागारातल्या, रायफली तपासणारा, झिजलेला भाग बदलणारा आर्मरर हा आता वर्दीतला, शपथ घेतलेला, पदकाला पात्र असलेला जवान आहे.

तरीही जुनी उतरंड पुरती गेलेली नाही. बूट आणि पट्टे सांधणारा, शिवणकाम करणारा, केस कापणारा, कपडे धुणारा अशा ट्रेड्समनची भरती वेगळ्या रांगेतून होते. २०२२ च्या अग्निपथ योजनेतही अग्निवीर ट्रेड्समन हा स्वतंत्र वर्ग आहे, त्यातल्या काही कामांना आठवी आणि काहींना दहावीची अट आहे. पहिल्या वर्षाचं मानधन मात्र जनरल ड्युटीच्या अग्निवीराइतकंच, ३०,००० रुपये. प्रशिक्षणात तोही धावतो, नेम धरतो. पगाराच्या कागदावर बरोबरी आली, हे मोठंच काम झालं. पण बेळगावात भरती मेळावा लागला की चंदगड, खानापूर, निपाणीकडून आलेल्या पोरांच्या घरी ‘ट्रेड्समनमध्ये लागला’ हे जरा खालच्या आवाजात सांगितलं जातं. हा खालचा आवाज बदलायला हवा. तो घरातून बदलतो, परिपत्रकातून नव्हे.

या भागाला तर हाताच्या कामाची लाज वाटायचं कारणच नाही. निपाणीहून जवळच, कागल तालुक्यात, सेनापती घोरपड्यांची कापशी आहे. संताजींच्या घराण्याचं हे गाव महाराष्ट्रभर ओळखलं जातं ते तिथल्या पायताणांमुळे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं, रापीने कापलेले थर, आरीने भोक पाडून चामड्याच्याच वादीने घातलेले टाके. खिळा नाही, म्हणून पायाला टोचत नाही आणि झिजलं की उसवून पुन्हा शिवता येतं. अथणी, निपाणी, रायबाग या पट्ट्यातही तेच हात, तेच चामडं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. बेळगाव त्यांतला एक. राज्यांची सीमा कुठे असावी यावर इथली माणसं सत्तर वर्षं भांडत आली, आणि त्या भांडणातलं मराठी दुःख खरं आहे. चामड्याच्या टाक्याने मात्र ती सीमा कधीच मानली नाही. मराठी बोलणारा चांभार आणि कानडी बोलणारा समगार एकाच रीतीने वादी ओवतात.

लोखंडाचंही तसंच. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत ओतारी-लोहारांच्या पुढच्या पिढ्या आल्या, आणि इतर शेतकरी घरांतली मुलंही आली. हत्तरगीला हमरस्त्यालगतच्या औद्योगिक क्षेत्रात आज विमानांचे सुटे भाग बनतात. तिथून जवळच वल्लभगड हा किल्ला आहे. बेळगावजवळ सांबऱ्याला हवाई दलाचे नवे एअरमन घडतात, त्यांतले कित्येक पुढे विमानांची दुरुस्ती करतात. गडावरचा लोहार ते विमानाचा तंत्रज्ञ, ही सगळी साखळी एका दिवसाच्या मोटरसायकलच्या फेरीत पाहता येईल इतकी जवळ आहे.

उणीव आहे ती आपल्या कल्पनाशक्तीत. पोवाड्यांत मावळा आहे, सरदार आहे, हेर आहे. कारागीर बहुधा एखाद्या ओळीपुरता. ऐतिहासिक कादंबऱ्यांत तलवारीची वर्णनं पानभर, ती घडवणाऱ्याचं एक वाक्य. बेळगावची मुलं दिवाळीत किल्ले करतात, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं गाव मी पाहिलेलं नाही. राजगड, प्रतापगड, रायगड बारीकसारीक दरवाजांसकट उभे राहतात. सिंहासनावर महाराज, बुरुजावर तोफा, पायऱ्यांवर मावळे. आज्ञापत्र वाचून त्या किल्ल्यावर भाता आणि ऐरण असलेलं एक खोपटं, एक पाथरवट, रापी घेतलेला एक चांभार ठेवला, तर तो किल्ला जास्त खरा होईल.

तेच नव्या खेळांचं. इथल्या कुणा तरुणाने मराठीत असा खेळ लिहायला घेतला, तर पलटणीच्या कारागिरासाठी हातोडा घेतलेला दाढीवाला बुटका डोंगरवासी आयात करायची गरज नाही. त्याला शिकलगाराचा कान द्या, नालबंदाचं मनगट द्या, कापशीची वादी द्या. त्याची कमजोरीही इथलीच असू द्या : मसलतीच्या तंबूत त्याला बसायला सांगत नाहीत, आणि त्याच्यावाचून तंबू उभा राहत नाही. खेळणाऱ्या बाकीच्या चौघांना यावर काहीतरी ठरवावं लागेल. त्यांनी ठरवलेलं मला बघायला आवडेल.

शेवटी एक विनंती, आणि ती या पट्ट्यातल्या घरांना आहे. तुमच्या घरात आजोबा-पणजोबा पलटणीत मोची, शिंपी, सुतार, आर्मरर, भिस्ती होते असं कुणी सांगत असेल, तर त्यांचं नाव, पलटणीचा क्रमांक, कोणत्या साली कुठे होते हे आजच एका वहीत लिहून ठेवा. सेवापुस्तिका, बिल्ला, पदक, जुनी रापी, आरी, कानस, जे असेल ते भंगारात जाऊ देऊ नका. त्याचा फोटो काढा, कोणी वापरलं ते मागे लिहा. गावच्या वाचनालयाला, शाळेला किंवा इतिहास मंडळाला त्याची एक प्रत द्या. शिपायांच्या याद्या सरकारकडे आहेत. या माणसांच्या याद्या फक्त तुमच्याकडे आहेत.